मग कळ

भांडुप, ६ नोव्हेंबर २०२३

चि. जान्हवीस,

आधी ‘चि. सौ.’ लिहिलं. मग ‘सौ.’ खोडलं. मग वाटलं, त्या एका अक्षराचा निकाल लावायचा अधिकार मला नाही. म्हणून कागद बदलला.

तुझ्या भावाचा बोरिवलीचा पत्ता तुमच्या लग्नातल्या आहेराच्या वहीत मिळाला. फोन करत नाही. आमच्यापैकी कोणाशी फोनवर बोलू नकोस असं तुझ्या वकिलांनी सांगितलंय, हे नितेशकडून कळलं. पत्राबद्दलही ते काही बोलले असतील तर हे फाडून टाक. मला राग येणार नाही.

काम आहे म्हणून लिहिते. खालच्या खोलीतला, तुझ्या टायपिंगच्या कामाचा संगणक बंद पडला आहे.

दसऱ्याला मी त्याची पूजा केली. तू करायचीस तशीच: हळदकुंकू, झेंडूचं फूल, पाणी उडू नये म्हणून की-बोर्डवर फडकं. तुझी निळी वहीही पाटावर मांडली. मग खटका दाबला. पडदा बराच वेळ काळा राहिला आणि एक इंग्रजी ओळ आली. एक फाईल हरवली आहे किंवा खराब झाली आहे. पुढे काही नाही. तेव्हापासून रोज तीच ओळ.

भावजींचा कोश त्यात आहे. तुझ्या सीतारामकाकांचा कोश तुला काय सांगायचा, पण लिहून ठेवते, म्हणजे कामाची बाजू स्पष्ट राहील. मालवणी शब्द गोळा करण्यात त्यांची गिरणी सुटल्यानंतरची बावीस वर्षं गेली, टाइप करण्यात तुझी सहा. ‘अ’ ते ‘म’ची मुद्रितं छापून, वाचून झाली. ‘य’ ते ‘ह’ फक्त त्या यंत्रात आहेत. मूळ चिठ्ठ्या त्यांनीच गोणीत भरून रद्दीला दिल्या. ‘आता आसत ना थय,’ म्हणाले होते.

त्यांना काचबिंदू निघाला आहे, बराच वाढलेला. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही; उरलेली होळीपर्यंत टिकली तर मिळवली. सकाळी अकरा ते बारा, खिडकीशी बसून, भिंग लावून, अक्षर मोठं असेल तर वाचतात. शेवटचं मुद्रित त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आहे. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, ‘तू शाळेतला वाचतस. माका माझा वाचूचा आसा.’

तुझ्या वहीत अकराव्या पानावर ‘सिस्टीम नव्याने टाकणे’ आहे. डिस्क कुठे आहे तेही तिथेच: वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यात, कारण डबा हवाबंद आहे. मी तीन वर्षं त्या डब्यात पापडच आहेत असं समजत होते.

डिस्क घातली. ती फिरते, आवाज येतो. मग थांबते आणि पुन्हा तीच ओळ.

घाटकोपरहून किरण येऊन गेला, आपला प्रिंटरवाला. ‘काकी, डिस्कवर ओरखडे आहेत,’ म्हणाला आणि लॅपटॉपवर नवी करून दिली. तीही तशीच. मग म्हणाला, ‘हे म्युझियमला द्या यार. वाट लागलीय.’ त्यानं कोशाच्या फायली बाहेर काढून दाखवल्या. आहेत, पण दुसरीकडे उघडल्या की नुसते चौकोन. भावजींना हवा होता तसा ‘व्ह’ तू स्वतः घडवलास, व-च्या पोटात ह. ते अक्षर जगात एकाच यंत्राला येतं.

तू गेलीस त्या दुपारी मी घरी नव्हते. त्यामुळे संगणक तू नीट बंद केला होतास की कसा, मला माहीत नाही.

काय करावं, तेवढं कळव.

आई


२० नोव्हेंबर

जान्हवीस,

कार्ड मिळालं. भांडुपहून बोरिवलीला पत्र जायला चार दिवस लागतात आणि तिथून कार्ड यायला पाच. इतक्या वेळात माणूस गावाला जाऊन परत येतो.

‘किरणची डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडा. आत किती फायली दिसतात?’ वर नाव नाही, खाली सही नाही. ते बरोबरच आहे.

अक्षर मात्र तुझं वाटलं नाही. चौथीतल्या मुलाचं असावं तसं, डावीकडे कललेलं. दोन दिवस मी समजत होते, तुझ्या भाचीकडून लिहून घेतलंस. मग ‘ळ’ पाहिला. तो तुझाच. म्हणजे डाव्या हातानं लिहिलंस.

मनगटाचा पट्टा अजून निघाला नाही का, हे मी विचारणार नव्हते. विचारलं गेलं.

समोरच्या श्वेताच्या लॅपटॉपवर डिस्क उघडली. एकच फाईल आहे. खूप मोठी, एकच. श्वेता म्हणाली, ‘काकी, एवढी मोठी आहे, म्हणजे सगळं असेल ना आत?’ मला माहीत नव्हतं.

तुझ्या वहीची इतर पानंही वाचली. आधी कामापुरती वाचणार होते. ‘प्रिंटर कागद चावतो तेव्हा’, ‘शाई कमी आहे असं तो खोटं सांगतो तेव्हा’, ‘ग्राहक घाईत असतो तेव्हा’. या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: आपण नसावं. चाळीस पानं, प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं, एकही शब्द जास्तीचा नाही. तीस वर्षं मी मुलांना निबंधात हेच सांगत आले. एकालाही जमलं नाही. मलाही नाही.

नितेशनं वही पाहिली. म्हणाला, ‘तिची वही अजून सांभाळतेस? ती खोली रिकामी कर आई, भाड्यानं जाईल.’ मी म्हटलं, कोश होऊ दे. तो म्हणाला, ‘कोण वाचणार आहे?’

तू असतीस तर त्याच्याकडे न बघता टाइप करत राहिली असतीस. तुला ते जमायचं. बोटं चालू, नजर कागदावर. पहिल्या वर्षी मी मुद्दाम मागे उभी राहून पाहायचे, एकदा तरी खाली बघतेस का. नाही बघितलंस.

आई


७ डिसेंबर

जान्हवीस,

तुझं दुसरं कार्ड भावजींना वाचून दाखवलं. ‘एकच फाईल म्हणजे पापड लाटलेला नाही. पिठाचा गोळाच डब्यात ठेवलाय. माझी डिस्क वापरा. ओरखडे चालतात.’ ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, ‘तां चेडू माझ्या कोशात व्हया होता.’ मी म्हटलं, पोर आहेच की, पानापानात आहे.

आठवतं का तुला, ‘घोव’ शब्दावर तुम्ही दोघं अडलात ते? तू अर्थ टाइप केलास ‘नवरा’. भावजी म्हणाले, ‘इतकोच?’ तू म्हणालीस, ‘काका, कोश लहान ठेवायचाय ना?’ मी पलीकडे मुद्रित तपासत होते. मी हसले नाही. हसण्यासारखं होतं.

त्याच कार्डावर खाली लिहिलं होतंस: चालू होताना यंत्र आधी कुठे बघतं ते तपासा, खटका दाबल्याबरोबर डिलीट दाबत राहा, निळं पान येईपर्यंत. आलं. यंत्र आधी स्वतःच्या पोटात बघत होतं, नंतर डिस्ककडे. तू सांगितल्याप्रमाणे क्रम बदलला. डिस्क पहिली. जपून ठेवलं. बंद केलं, चालू केलं. तीच ओळ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळं पान काढलं. क्रम पुन्हा जुनाच. पुन्हा बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा जुना. रात्रीतून कोणी येऊन बदलतं की काय असं वाटलं. नितेशला विचारलंही. तो म्हणाला, ‘माझा हात लागला नाही त्याला.’

हे वाक्य त्यानं फार पटकन म्हटलं.

किरणला फोन केला. ‘काकी, विसरतंय ते. म्हातारं झालंय.’ त्याला म्हटलं, तुझी डिस्क गोळा आहे. त्याला कळेना. तुझं कार्ड वाचून दाखवलं. मग म्हणाला, ‘कोण आहे ही? इंजिनिअर आहे काय?’

मी म्हटलं, बी.ए. मराठी. माझी सून.

‘आहे’ म्हटलं की ‘होती’, तो प्रश्न त्यानं विचारला नाही.

आई


२३ डिसेंबर

जान्हवीस,

‘कोपऱ्यातलं घड्याळ कुठली तारीख दाखवतं?’ एवढंच होतं तिसऱ्या कार्डावर. मी निळ्या पानावर जाऊन पाहिलं. एक जानेवारी, दोन हजार दोन. हे कार्ड लिहितानाच तुला उत्तर माहीत होतं, कारण उलट बाजूला, पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात होतं: ‘जुनी असेल तर आतला सेल संपला. रुपयाएवढा गोल असतो. वीज गेली की यंत्र सगळं विसरतं. बदला.’ शिक्षिका म्हणून सांगते, प्रश्न असाच विचारावा. आधी मुलाला पाहू द्यावं, मग पान उलटायला लावावं.

कार्डावर शिक्का अंधेरीचा होता. म्हणजे कामाला लागलीस. अक्षर अजून डाव्या हाताचंच, पण ओळ आता सरळ आहे.

सेल मी स्वतः बदलला. स्टेशनजवळच्या घड्याळजीकडून आणला. पेटीचे स्क्रू काढले, आत इतकी धूळ की रांगोळी घालता आली असती. आतल्या एका बाजूला तुझ्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘उघडलंच आहे तर ब्रशनं पुसा.’ पुसलं. चिठ्ठी तशीच ठेवली.

आता घड्याळ बरोबर चालतं. क्रम लक्षात राहतो. डिस्क पहिली.

तरीही तीच ओळ.

तेव्हा आता अडचण नीट सांगते. मी चूक कुठे करते ते बघ. वहीत पान अकरा. पायरी एक: डिस्क काढा, चकचकीत बाजूला बोट लावू नका. नाही लावत. पायरी दोन: डिस्क घालून बंद करा, पुन्हा चालू करा. समोरचं छोटं बटण आत गेलेलं आहे, म्हणून भिंतीवरच्या खटक्यानं करते. त्या एकाच खटक्यावर पेटी आणि पडदा दोन्ही आहेत, तू केलं होतंस तसं. पायरी तीन: डिस्क फिरल्याचा आवाज ऐका. ऐकते. पायरी चार: ‘मग कळ’.

पुढचा शब्द गेला आहे. दसऱ्याला वहीवर फूल वाहिलं, त्याचं पाणी गळलं आणि शाई पसरली. तुला सांगितलं नव्हतं. पण तो शब्द मला वाचायची गरज नाही. मराठीत कळ काढायचीच असते. मी रोज काढते. आधी पाच मिनिटं काढली. मग दहा. काल पंचवीस मिनिटं समोर बसले. डिस्क थांबली, ओळ आली, तरी उठले नाही. पडदा हलला नाही.

एक कबूल करते. तो शब्द पाहून मला बरं वाटलं. तो माझा शब्द. कळ काढ गं जरा, असं मीच म्हणायचे. तुझ्या सहा वर्षांच्या वहीत माझा एक तरी शब्द तू घेतलास, असं वाटलं.

किती वेळ काढायची, ते लिहिलेलं नाही. तेवढं सांग.

भावजी विचारतात, ‘तां चेडू खय आसा?’ मी म्हणते, बोरिवलीला. ते म्हणतात, ‘ता माका म्हायत आसा. कवा येतला?’ मी म्हणते, कामात आहे. परवा भिंग घेऊन ‘म’चं पान चाचपत होते. डावीकडच्या ओळी आता दिसत नाहीत. मान वळवून वाचतात.

आई


१० जानेवारी २०२४

जान्हवी,

सुरू झाला.

सुगंधा


१८ जानेवारी

जान्हवी,

त्या दिवशी एवढंच लिहवलं.

तुझं चौथं कार्ड माझ्यासमोर आहे. त्याला ओळींच्या संख्येनं मोठं म्हणावं लागेल. मी ते इथे उतरवते, कारण मूळ कार्ड मी वहीच्या अकराव्या पानावर, चौथ्या पायरीच्या जागी चिकटवणार आहे.

‘कळ काढायची नाही. दाबायची. की-बोर्डवरची, कुठलीही. डिस्क फिरली की पडद्यावर एक ओळ येते: कुठलीही कळ दाबा. ती पाचच सेकंद असते. कोणी दाबली नाही की यंत्र समजतं कोणाला गरज नाही, आणि जुन्याच वाटेनं जातं. आपला पडदा उजळायला वीस सेकंद लागतात. म्हणून ती ओळ तिथे बसलेल्या माणसाला कधीच दिसत नाही. काळ्या पडद्यावर दाबा.’

आणि हे अक्षर तुझं आहे. उजव्या हाताचं. कार्ड हातात आल्यावर आधी तेच पाहिलं, मजकूर नंतर.

मी खाली गेले. डिस्क घातली. खटका दाबला. डिस्क फिरली. पडदा काळा. मी स्पेसची लांब पट्टी दाबली. काही झालं नाही. दाबत राहिले. मला वाटलं मी मूर्खासारखी लाकडाच्या फळीवर बोटं आपटते आहे. मग पडदा हळूहळू उजळला आणि तो निळा होता. वर पांढरी अक्षरं पळत होती.

पाच ते नवव्या पायऱ्या अगदी तू लिहिल्याप्रमाणे केल्या. ‘दुसऱ्या कप्प्याला हात लावू नका, कोश तिथे आहे’ ही ओळ तू दोनदा अधोरेखित केली आहेस. प्रत्येक वेळी ती मोठ्यानं वाचली आणि मगच बटण दाबलं. पाऊण तास लागला. मग तुझं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं, पान बारा, मग तुझी अक्षरं, पान तेरा. ‘व्ह’ आला. व-च्या पोटात ह.

‘य’ ते ‘ह’ एकशे अठ्ठेचाळीस पानं निघाली, तू ठेवली होतीस तशीच. एका ठिकाणी तू स्वतःसाठी खूण ठेवली होतीस: ‘काकांना विचारणे’. विचारलं. ते म्हणाले, ‘बरोबर आसा तिचा.’

मी अक्षर मोठं करून छापून घेतलं. पान सतरा, ‘मोठ्या डोळ्यांसाठी’. हे पान तू केव्हा लिहिलंस? भावजींच्या डोळ्याचं निदान झालं ते नवरात्रात. तू त्याच्या आधी गेलीस. म्हणजे ते कागद डाव्या बाजूला सरकवून धरतात हे तुझ्या आधीच लक्षात आलं होतं. घरात आम्ही तिघं होतो. माझ्या नाही आलं.

आज नऊ दिवस ते वाचत आहेत. अकरा ते बारा. मी शेजारी बसते, पेन्सिल घेऊन. ते फक्त चूक असेल तिथे बोट ठेवतात. नऊ दिवसांत चार वेळा ठेवलं. चारांपैकी तीन चुका त्यांच्याच. काल ‘श’वर होते. पान लांब धरून म्हणाले, ‘अक्षरां बघ गो. तरवो लावल्यासारखी.’ तरवो त्यांनी कोशात घेतला आहे: भाताची रोपं, लावणीसाठी वाढवलेली.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची म्हणून हे पत्र आठ दिवस लांबलं.

तुझं कार्ड वाचून मी जिन्यावर बसले. ‘कळ काढायची नाही.’ तू हे संगणकाबद्दल लिहिलंस. तू कामाशिवाय एक शब्द लिहीत नाहीस, हे मला माहीत आहे. तरी मी बसले.

तू माझ्याकडे तीनदा आली होतीस. पहिल्यांदा पाडव्याच्या आदल्या दिवशी, मी गुढीचं कापड इस्त्री करत होते. दुसऱ्यांदा मे महिन्यात. तिसऱ्यांदा नुसती दंडावरची बाही वर केलीस. तिन्ही वेळा मी एकच बोलले. तिसऱ्या वेळी तर ते बोलताना मी तांदूळ निवडत होते.

तू पुन्हा आली नाहीस. मला वाटलं, मिटलं.

सुगंधा


२ फेब्रुवारी

जान्हवी,

भावजींचं वाचन काल संपलं. ‘ह’चं शेवटचं पान त्यांनी तीन दिवस पुरवलं. एका दिवसात पाच-सहा शब्द. शेवटी शेवटी भिंगही नको म्हणाले, तिरका कागद धरून, एका डोळ्यानं. ‘ह्या: हे.’ ते वाचून झाल्यावर मला म्हणाले, ‘ह्या झाला. आता दिसला नाय तरी चलात.’ मग म्हणाले, ‘तिचा नाव खय घातलंस?’

घातलं नव्हतं. आता घातलं आहे. पहिल्या पानाच्या मागे, एकटं. ‘अक्षररचना: जान्हवी’. आडनाव मोकळं ठेवलं आहे. लावायचं असेल तर कोणतं, ते तू कळव. लावायचं नसेल तर तसंच जाईल. भावजी म्हणाले, ‘एकला बरा दिसता.’ छापखाना पंधरा तारखेपर्यंत थांबेल.

त्याआधी, गेल्या आठवड्यात, छपाई आटोपून संगणक मोकळा होता तेव्हा मी एक कागद टाइप केला. तुझ्या संगणकावर, तुझ्या अक्षरांत. दोन बोटांनी, खाली बघून. दोन दिवस लागले.

सप्टेंबरात नितेशच्या वकिलांनी दिलेल्या कागदावर मी सही केली होती. त्यात म्हटलं होतं की चौदा तारखेला दुपारी मी बाजारात होते आणि घरात कधी भांडण झाल्याचं मला माहीत नाही. तुलाही पहिल्या पत्रात मी तेच लिहिलं. खोटं एकदा टाइप केलेलं असलं की ते पुन्हा लिहायला सोपं जातं.

आता केलेल्या कागदाची एक प्रत रजिस्टर पोस्टानं तुझ्या वकिलांना गेली, एक त्याच्या वकिलांना. दोन्हींवर नोटरीसमोर सही केली आहे. तुला त्यातला मजकूर दुसऱ्याकडून कळू नये म्हणून इथे देते.

‘मी, सुगंधा श्यामसुंदर गावडे, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, लिहून देते की १४ सप्टेंबर २०२३ रोजी दुपारी मी घरात होते. स्वयंपाकघरात होते. मुलगा नितेश खालच्या खोलीत संगणक चालू असताना त्याची वायर ओढत होता. सून जान्हवी हिने दोन्ही हात यंत्रावर धरले होते. हे मी जिन्याच्या दारातून पाहिले. मी परत स्वयंपाकघरात गेले. “हात सोड” हे तिचे शब्द मी तीनदा ऐकले. त्यानंतर तिचे ओरडणे ऐकले. मी खाली गेले नाही. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मी ओट्याशी उभी होते. याआधी तिने मला तीन वेळा सांगितले होते. आधीच्या कागदावरील माझे म्हणणे खोटे आहे.’

यंत्रातली ती फाईल कशी खराब झाली, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी तुलाच विचारलं, नीट बंद केला होतास का.

नितेशला मी कागद पाठवल्यावर सांगितलं, आधी नाही. तो जेवत होता.

‘माझ्याविरुद्ध लिहिलंस?’

‘मी ऐकलं ते लिहिलं.’

‘आई, तू माझी आई आहेस ना?’

‘म्हणूनच उशीर झाला.’

‘थोडं थांबली असतीस. तारीख तरी होऊ द्यायची. मी बोलणार होतो तिच्याशी.’

‘थांबले होते.’

तो ताट ठेवून उठला. तीन दिवस झाले, मुलुंडला मित्राकडे राहतो आहे. काल फोन आला होता. जेवलीस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तो काय करेल मला माहीत नाही. मी काळजीत नाही असं लिहिणार नाही.

खालच्या खोलीला मी कुलूप लावलं आहे. एक किल्ली या पाकिटात आहे. ये असं मी म्हणत नाही. संगणक तुझा आहे, वही तुझी आहे, पापडाचा डबा माझा होता, तोही तुझा समज. न्यायचं असेल तर कोणालाही पाठव. मी वर असेन. खाली येणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

पुढच्या तारखेला कोर्टात मी येणार आहे. कोणत्या बाकावर बसायचं ते तिथे गेल्यावर बघेन.

सोबत त्या कागदाची तिसरी प्रत आहे. टाइप करताना माझ्या चुका झाल्या असतील; तुझी नजर मला नाही. पेन्सिलनं खुणा करून पाठव, मी दुरुस्त करून ठेवीन. मजकुराला मात्र हात लावू नकोस.

सुगंधा